थाप थांबली की

भाकरी थापायचा आवाज तुमी ऐकलाय न्हवं? घरातल्या चार भाकऱ्यांचा म्हणत न्हाय मी. सकाळी चूल पेटल्यापासनं दुपार कलंपत्तूर एकीमागं एक पडणाऱ्या भाकऱ्यांचा. थाप-थाप-थाप, मधी परात फिरायची खरखर, परत थाप-थाप-थाप. माझं समदं आयुष्य त्या आवाजाकडं पाठ करून गेलं.

पाठ का, ते सांगते. आमचा धंदा कडक भाकरीचा. सोलापुरात आलेला माणूस चादर नेतो, न्हायतर कडक भाकरी आन शेंगाचटणी नेतो. ही भाकरी पापडावानी असती, महिना झाला तरी नासत न्हाय. मालदांडी ज्वारीचं पीठ घ्यायचं, आधणाच्या पाण्यात मळायचं, पार पातळ थापायची. तव्यावर पडली की फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत भाजायची, मग चुलीच्या कडंला उभी करून वाळवायची. एकीनं थापायचं, दुसरीनं भाजायचं. थापणारी हलीमाआपा. भाजणारी मी, नीलव्वा. आमच्या खोलीत धुराडं भिताडात हाय, म्हणून चूल भितीला लागून. मी भितीकडं तोंड करून बसते, आपा माझ्या पाठीमागं. मला ती दिसत न्हाय. तिच्या थापेवरनं मला कळतं, आता भाकरी वाढत आली, आता उचलंल, आता तव्यावरली उलटायला पायजे. मागं बघायचं कामच न्हाय.

दिवाळी अंकवाल्या बाई म्हणल्या, आजी, तुमच्या कामाचं सांगा. म्हणलं, सांगते, पर मला लिवता येत न्हाय आन तुमी ते शिकलेल्यासारकं करू नका. त्या व्हय म्हणल्या. म्हणून हे असं हाय.

मी मंद्रूपची. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. नवरा मिलमधी व्हता. मिल बंद पडली, मग त्यो बी लवकरच गेला. आपा वैरागची. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, टेंभुर्णीच्या फाट्यावर गेला बिचारा. दोघींच्या पदरात पोरं, हातात काय न्हाय. एका शेटच्या घरी लग्नात भाकऱ्या करायला दोघी गेलो व्हतो, तितं वळख झाली. आपा म्हणली, “नीला, तेरे हात कू आंच लगती नहीं क्या?” मी म्हणलं, “लागती की. सांगू कुणाला?” ती लई हसली. तितनं आमी एकत्र. मी लिंगायत, ती मुसलमान. तिच्या सणाला मी गोड खाते, माझ्या सणाला ती. मधी कुणी काय बोललं तर आपाच त्याला पुरून उरती.

गिऱ्हाईकं तर काय काय भेटली. एक बाई परदेशात लेकीकडं न्यायला भाकऱ्या घ्यायच्या आन म्हणायच्या, मऊ द्या, दात न्हाईत लेकीच्या सासूला. कडक भाकरीच्या दुकानात येऊन मऊ मागायची! पर समद्यात येगळे आमचे वकीलसायेब. म्हातारे, एकटे, कोर्ट सुटलेलं, तरी काळा कोट घालून यायचे. भाकरी हातात घ्यायचे, कानाजवळ न्यायचे, बोटानं टिचकी मारायचे. आवाज पसंत पडला तर पिशवीत, न्हायतर परत. “साक्षीदार खोटं बोलतोय, हलीमाबी,” म्हणायचे. आपा म्हणायची, “मग फाशी द्या की त्याला, चटणीसंगं.” त्यांची भाकरी ठरलेली. ज्वारीची, लई कडक, तीळ लावायचे न्हाईत.

चटणीचं बी सांगते, कारण पुढं समदं तितंच येऊन अडलं. शेंगदाणे भाजायचे, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात कुटायचं, तेल सुटंपत्तूर. कुटायला मी. चव आपाची. एकेक घाणा झाला की ती तळहातावर चिमूट घ्यायची, जिभंला लावायची, डोळं मिटायची. “नमक.” मी मीठ घालायची. परत चिमूट. “बस.” ती बस म्हणली की बस. माप न्हाय, काटा न्हाय. आमच्या चटणीचं नाव व्हतं ते आपाच्या जिभंवर व्हतं.

आता थापंचं. तीन-एक उन्हाळं झालं आसतील. मी भाजत बसलेली. थाप-थाप-थाप, आन मधीच थांबली. मला वाटलं पीठ घेतीया. जरा वेळानं परत थाप. मग दोन भरभर, मग गप्प. मी मान न वळवता इचारलं, “काय गं?”

“कुछ नहीं. गरमी हाय.”

सोलापुरात उन्हाळ्यात गरमी हाय म्हणलं की कुणी पुढं इचारत न्हाय. मी बी न्हाय इचारलं. पर ते रोज व्हायला लागलं. तव्यावरची भाकरी उतरली तरी मागली येईना. पायऱ्या चढली की ती भिताडाला हात लावून उबी राहायची. म्हणायची, छातीत कबुतर फडफडतंय. मग एक दिस वकीलसायेब भाकरी घिऊन गेले, आन परतून आले. “हलीमाबी, आज साक्षीदार खारट आहे.” पिठात मीठ दोनदा पडलं व्हतं. आपा म्हणली, नीलानं टाकलं. मी पिठाला हातच लावत न्हाय.

दुसऱ्या आठवड्यात तिनं चटणीत लसूण घातला न्हाय. माझ्याकडं बगून म्हणली, “घातला की.” सोललेला लसूण तिच्या मांडीजवळ सुपात व्हता.

मी तिला डॉक्टरकडं न्यायला बघत व्हते, तर ती भांडायची. म्हणायची, “बुढापा हाय, दवा काय करंल?” शेवटी एक दिस तिचा हात धरून बसले असताना माझं बोट तिच्या मनगटावर पडलं. मला नाडी कळत न्हाय. पर थाप कळती की. ती नाडी कशी चालली व्हती सांगू? नवी पोरगी पयल्यांदा भाकरी थापती न्हवं, एक जोरात, एक हळू, मधी थांबली, मग घाबरून दोन भरभर. तशी. मी म्हणलं, “ऊठ. आता आयकणार न्हाय मी.”

डॉक्टरीणबाई तरुण हाय, पर बोलती शांत. छातीला वायरी लावून कागद काढला. आपाचा लेक सलीम टेंभुर्णीहून आला व्हता, गॅरेज हाय त्याचं तितं. डॉक्टरीणबाईनं तिघांना बसवून सांगितलं.

“मावशी, यांच्या हृदयाचे ठोके बेताल पडतात. त्यामुळं हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त नीट पुढं सरकत नाही, घुटमळतं. घुटमळलं की गुठळी होऊ शकते. ती गुठळी मेंदूकडं गेली तर लकवा होतो.”

मला लगीच कळलं. आधणात पीठ मळताना हात थांबला की गुठळ्या हुतात. तसंच की ते.

“आणि यांचं ब्लडप्रेशर पण खूप आहे,” ती म्हणली. “ठोका बेताल आणि वर प्रेशर, ही जोडी मेंदूला वाईट. मोठा झटका नाही आला तरी बारीक बारीक नळ्या खराब होत राहतात. माणूस विसरायला लागतो.”

सलीम म्हणला, “प्रेशर म्हंजी, नळाचं असतंय तसंच?”

“तसंच.”

ते बी कळलं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिसाआड येतं, येतं ते लई जोरात. जुना पाइप असला की जोडातनं चिळकांडी उडती. डोक्यात चिळकांडी उडाली तर कुणाला दिसणार?

डोक्याचा फोटू काढला. त्यात बारकं बारकं डाग व्हतं. डॉक्टरीणबाईनं बोटानं दावलं. ज्वारीच्या कण्यांएवढं. म्हणली, “हे जुने आहेत, यांना कळलेही नसतील. गेलं ते भरून येईल असं मी सांगत नाही. पण राहिलंय ते सांभाळायचं. रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही आणि प्रेशर खाली आणायचं.”

मग तिनं आपाला कागद दिला. म्हणली, घड्याळ काढा. आपानं गोल काढला, लई छान गोल, आन पेन खाली ठिवला. “आकडे?” “मेरे कू घड्याळ येत न्हाय बाई. ही भाकरी हाय.” डॉक्टरीणबाई हसली. म्हणली, “बरं, घड्याळ राहू दे. चटणी कशी करता सांगा.” आपा ताठ बसली. शेंगदाणे भाजायचे, म्हणली, साल काढायची, जिरं, तिखट, मीठ, कुटायचं, तेल सुटंपत्तूर. आन थांबली. डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. लसूण न्हवता त्यात.

त्या दिसापासनं माझ्या जिवाला भीती लागली ती लागलीच. मरणाची न्हवं. मरणं मी लई बघितली. पर आपा समोर बसलेली आसंल आन मला वळखणार न्हाय, हे मला सहन व्हणार नव्हतं. आमच्या दोघींचं जे काय झालं ते आमच्या दोघींच्याच डोक्यात हाय. तिच्या डोक्यातनं गेलं तर निम्मं गेलं की माझं.

सलीमनं प्रेशरचं मशीन आणून दिलं, घरी मोजायला. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. बटण दाबलं की बदामाची खूण लुकलुकायची, कधी आकडा यायचा, कधी नुसतीच आडवी रेघ. आमी म्हणलं, खराब हाय. मी दुकानात नेलं. दुकानदारानं आपल्या दंडाला लावून दावलं, झकास चाललं. तरी बदलून दिलं. नवं बी तसंच लुकलुकायला लागलं. परत नेलं. दुकानदार म्हणला, “आजी, तुमचं घर खराब हाय का बघा.” मग डॉक्टरीणबाईनं सांगितलं, मशीन चांगलं हाय, ठोका बेताल असला की ती खूण येती. एकदा मोजून आकडा खरा धरू नका. गप बसायचं, मधी थांबून परत परत मोजायचं, मग त्यातनं बघायचं. आपा म्हणली, “मशीनला बी माझ्या दिलाचा भरोसा न्हाय.”

शेजारची सून आकडं वाचून सांगायची. आकडं खाली येईनात. डॉक्टरीणबाईनं गोळी वाढवली. न्हाय आले. अजून एक वाढवली. थोडं खाली, परत वर. तिनं इचारलं, “मीठ किती खाता?”

आपा म्हणली, “बिलकुल न्हाय.”

आन ते खोटं नव्हतं. मी साक्षीला व्हते. लोणचं बंद, पापड बंद, चटणी बंद. डाळ अळणी. तिच्या भाकरीचं पीठ मी येगळं काढायचे, बिनमिठाचं. ती जेवताना तोंड करायची, “नीला, ह्यापरीस कागद खाते मी.” तरी खायची. सोलापूरची बाई चटणीबिगर जेवतीया, आन आकडा वरच. डॉक्टरीणबाई सुदीक इचारात पडली. किडनीचं तपासलं, काय काय तपासलं. काय निघंना.

आन तिकडं ती इसरत चालली व्हती. एक दिस पिठाचा डबा उघडून बघत राहिली. एक दिस मला म्हणली, “तेरा मरद आया क्या मिल से?” मग तिलाच कळलं. तोंडावर पदर घेतला. मी भाकरी उलटली. मागनं थाप यायला लागली, तशी मी डोळं पुसलं. धूर व्हता, म्हणायला सोपं गेलं.

मग रमजान आला.

डॉक्टरीणबाई म्हणली, हलीमाबी, रोजे नकोत. आपा म्हणली, अल्लाला मी काय सांगू? दोघी लई येळ बोलल्या. शेवटी ठरलं. गोळ्या पहाटेच्या सहरीला आन सांजच्या इफ्तारीला, डॉक्टरीणबाईनं लिवून दिलं तशा. चक्कर आली, डोळ्यापुढं अंधारी आली की रोजा तिथंच सोडायचा, हट्ट करायचा न्हाय. दर आठवड्याला दाखवायला यायचं. आपा म्हणली, “हौ.” सलीम मला फोनवर म्हणायचा, “मौसी, लक्ष ठेव.” मी लक्ष काय ठिवणार, भितीकडं तोंड करून? कान ठिवला.

महिनाभर मी कान लावून बसले. उपाशीपोटी, पाण्याबिगर ती थापत व्हती. थाप जरा हळू झाली की मी हाक मारायची, “आपा?” ती म्हणायची, “जिंदा हाय.”

आन दवाखान्यात नेलं तर काय? आकडा खाली. डॉक्टरीणबाईनं परत मोजला, उजव्या दंडाला, डाव्या दंडाला, मधी थांबून. खालीच. फुडल्या आठवड्यात बी खाली. लई बी खाली न्हवं, बरोब्बर. आपा माझ्याकडं बघून भुवया उडवती. म्हणती, “देखी? ऊपरवाला डॉक्टर.” मी बी मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हात जोडले. कुणाचं काम आसंल त्याला पोचू दे.

ईद झाली. शीरखुर्मा खाल्ला. पंधरा-वीस दिसांनी दवाखान्यात गेलो. आकडा परत वर.

आपाचं तोंड एवढंसं झालं. म्हणली, “माझंच काय तरी चुकलं.”

डॉक्टरीणबाई म्हणली, “चुकलं काही नाही. पण मला सांगा, रमजानात काय वेगळं होतं? सगळं सांगा. उठल्यापासून.”

आपानं सांगितलं. सहरीला काय, इफ्तारीला काय, झोप कितीक, काम कितीक. डॉक्टरीणबाई इचारती, काम तेवढंच? तेवढंच. थापणं? मीच. भाजणं? नीला. चटणी? कुटायला नीला.

“आणि चव बघायला?”

“रोज्यात कैसी बघणार? त्या महिन्यात चव नीला घेती.”

“एरवी?”

“एरवी मी.”

“दिवसातून किती वेळा?”

आपानं तळहात फुडं केला, चिमूट धरली, आन थांबली. मी बी थांबले. दर घाण्याला चिमूट, मग मीठ, मग परत चिमूट. सकाळपासनं दुपारपत्तूर. सणासुदीला तर मोजदादच न्हाय. मला त्या महिन्यातलं आठवलं. रमजानात माझीच जीभ सोलली व्हती, संध्याकाळी तांब्या-तांब्या पाणी प्यायची मी, पाय सुजून चप्पल रुतायची. मला वाटलं उन्हाळा.

डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. “हलीमाबी, मी तुम्हाला दर वेळी विचारलं, मीठ खाता का, चटणी खाता का.”

“तो मैं खाती कहां?” आपा म्हणली. “चव घेती. चव घेणं म्हंजी खाणं थोडंच हाय!”

डॉक्टरीणबाई हसायला लागली, मी हसायला लागले, मग आपा बी हसली. तितली पाळीला बसलेली माणसं आत डोकावून बघायला लागली. मग हसू थांबलं. सालभर गेलं व्हतं त्यात. गोळ्यावर गोळ्या, अळणी डाळ, आन डोक्यातल्या त्या बारक्या नळ्या. त्या किती खराब झाल्या त्या सालात, कुणाला ठाऊक. आमच्या आमाला त्या चिमटीचं कळलं नसतं, कारण आमच्या धंद्यात चव घेणारी जेवली असं कुणी म्हणतच न्हाय. चव घेणं काम हाय. ताटावर बसलं ते खाणं.

घरी येऊन मी म्हणलं, आजपासनं चव मी घेणार न्हायतर कुणीच न्हाय.

तितनं जे भांडण झालं तसं आमच्यात कधी झालं नव्हतं. ती म्हणली, “माझी जीभ काप ना मग. ती घिऊन जा.” मी म्हणलं, “जीभ ठिव, डोस्कं सांभाळ.” ती म्हणली, “डोस्कं तर जातंयच. लसूण इसरती मी, तेरा मरद मेला ते इसरती मी. जिभंला सगळं याद हाय अजून. तीच बंद करती तू?”

खरंच व्हतं ते. मी तिच्याकडनं तिची शेवटची शाबूत गोष्ट मागत व्हते, आन कशासाठी, तर बाकीचं वाचावं म्हणून. वाचंलच असं बी डॉक्टरीणबाईनं सांगितलं नव्हतं.

दोन दिस थाप जोरजोरात यायची, परात फुटतीया का काय वाटायचं. मग तिसऱ्या दिशी मी उखळात कुटत व्हते. ती माझ्या म्होरं येऊन बसली. चिमूट घेतली, नाकापशी नेली. हुंगली. बोटात चोळली, तेल बघितलं. आन चिमूट माझ्या तळहातावर ठिवली. “तू सांग. मैं सुनती.” मी जिभंला लावलं. काय सांगायचं मला कळंना. इतकी वर्सं कुटली, रमजानात अंदाजानं चव बी घेतली, पर शब्द तिच्याकडं व्हते. मी म्हणलं, “जरा... कमी वाटतंय.” ती म्हणली, “जिभंच्या टोकाला का मागं?” मी म्हणलं, “मागं.” “मग नमक नक्को. जिरं दे.”

असं आमी शिकलो. माझी जीभ, तिचं डोस्कं. चटणी पयल्यासारकी झाली न्हाय, खोटं कशाला बोलू. वकीलसायेब म्हणले, “निकाल बरा आहे, पण न्यायाधीश बदललेले कळतात.” पर फुडच्या महिन्यात आकडा खाली आला, आन ऱ्हायला.

डॉक्टरीणबाईनं मला एक शिकवलं. म्हणली, तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं बोबडं झालं, ह्यातलं एक जरी दिसलं तर घरचे उपाय करत बसायचं न्हाय, लिंबूपाणी न्हाय, झोपवायचं न्हाय, सरळ मोठ्या दवाखान्यात. येळ गेला की डोस्कं गेलं. मी म्हणलं, बाई, मला दिसत न्हाय की, ती पाठीमागं असती. मग आमीच एक काढलं. थाप थांबली की मी गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं, आपानं त्याची भाकरी सांगायची. म्हंजी बोलणं बी कळतं, याद बी कळती.

“वकील?”

“ज्वारीच्या, लई कडक, बिनतिळाच्या.”

झालं. मग मी भाकरी उलटायची.

गेल्या दिवाळीच्या आधी ऑर्डरी लई व्हत्या. थाप चालली व्हती, आन थांबली. मी म्हणलं, “वकील?” मागनं काय आलं न्हाय. मी परत म्हणलं, “आपा, वकील?” मागनं आवाज आला, पर शब्द न्हवता त्यो. तोंडात पीठ धरून बोलल्यासारका.

मी वळले. आपा बसलेली. डाव्या हातात पीठ. उजवा हात परातीत पडलेला, दुसऱ्याचा हात असल्यावानी. तोंड एका बाजूला उतरलेलं. डोळं माझ्याकडं, त्यात समदं कळत व्हतं तिला.

मी तव्याखालचा जाळ वडला न्हाय, दार लावलं न्हाय. गल्लीत जाऊन वरडले. शेजारच्यांनी रिक्षा आणली. रिक्षात आपाचं डोस्कं माझ्या खांद्यावर, आन मी तिचा उजवा हात धरून बसले. गार व्हता. भाकरीवाल्या बाईचा हात मी कधी गार बघितला नव्हता. मी तिला इचारत ऱ्हायले, “वकील? वकील? वकील?” रिक्षावाल्याला वाटलं आसंल, ही म्हातारी कोर्टात चाललीया.

मोठ्या दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली, तसं तिच्या बोटांनी माझं बोट दाबलं. हलकं. तपासण्या चालू व्हत्या तवर बोलणं बी यायला लागलं, अडखळत. तितले डॉक्टर म्हणले, बारकी गुठळी आली आसंल, सरकून गेली. मोठ्याच्या आधीचा इशारा समजा. आणलंत लगेच ते बरं केलं.

मी आमच्या डॉक्टरीणबाईला इचारलं, “गोळी एक चुकली न्हाय. मीठ बंद. आकडा खाली. मग कसं काय?”

ती म्हणली, “मावशी, औषधानं धोका कमी होतो. संपत नाही.” मग म्हणली, “प्रेशर तसंच वर असतं तर आज काय झालं असतं, मला विचार करवत नाही.” दुसरं कुणी आसतं तर काय बी सांगून माझी समजूत काढली आसती. तिनं काढली न्हाय, म्हणून तिच्यावर माझा भरोसा हाय.

वकीलसायेब दवाखान्यात आले, काळा कोट घालून. पिशवीतनं आमचीच भाकरी काढली, आपाच्या कानाजवळ नेली, टिचकी मारली. आपा हळू म्हणली, “साक्षीदार... खरा.” म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी.

सलीम म्हणला, अम्मीला टेंभुर्णीला नेतो. आपा म्हणली, तितं मी कुणाच्या पाठीमागं बसू? मग त्यो म्हणला, निदान चूल तरी फिरवून देतो, मौसीचं तोंड तुझ्याकडं व्हईल. आपा म्हणली, “नक्को. माझं तोंड बघत बसली तर भाकरी करपवंल ती.” म्हणून मी अजून भितीकडं तोंड करून बसते. उजव्या हाताची थाप आता हलकी पडती, डाव्याची जोरात. मला त्यो ताल पाठ झाला. आता भाकऱ्या थोड्याच करतो. गिऱ्हाईकांची नावं तिच्या डोक्यातनं जातात. परदेशवाली बाई गेली, आमच्या भाकऱ्या ठिवणारा मारवाडी दुकानदार गेला. कधी माझं नाव यायला बी येळ लागतो. मी मदत करत न्हाय. वाट बघते. आलं की श्वास सोडते.

लोक म्हणतात, तुमी लई धीराची. धीर कसला? मी भाकरी भाजते आन मोजत न्हाय असं दावते. थाप, थाप, थाप, आन मधली ती रिकामी जागा. ती रिकामी जागा कवडीएवढी असली तरी माझ्या छातीत डोंगर हुतो. आपाचा ठोका बेताल, म्हणतात. माझा तर त्या थापंच्या मागं धावून धावून बेताल झाला आसंल.

ह्या सालच्या श्रावणात वकीलसायेब गेले. झोपेतच. आमी दोघी जाऊन आलो. शेजाऱ्यांनी सांगितलं, उशाला डब्यात आमची भाकरी व्हती.

त्यानंतर काय दिवसांची गोष्ट. दुपार व्हत आली व्हती. शेवटच्या भाकऱ्या. थाप थांबली. मी काय कशाचा इचार केला न्हाय, इतक्या दिवसांची सवय, तोंडातनं गेलंच.

“वकील?”

मागं गप्प.

माझा हात तव्यावरच थांबला. फडक्याचा बोळा भाकरीवर तसाच. मी वळले न्हाय. वळायचा धीरच व्हईना. गप्प. मग मागनं आपाचा आवाज आला. एकेक शब्द सुटा, स्वच्छ.

“वकील गेले की गं. मिट्टी दे के आये ना आपन. तेरा डोस्का ठिकाने पे हाय का?”

माझ्या तोंडातनं हसू का रडू काय निघालं मलाच कळलं न्हाय. मी म्हणलं, “न्हाय गं. माझं न्हाय ठिकाण्यावर. तुझं हाय.”

“मेरा हाय,” ती म्हणली. “जळल्याचा वास येतोय. भाकरी बघ.”

खरंच करपली व्हती. मी ती खाली उतरवली, चुलीकडं पाठ केली आन तिच्या म्होरं जाऊन बसले. निम्मी तिला, निम्मी मला. तिच्यासाठी काढलेल्या पिठातलीच व्हती, अळणी. आपानं एक तुकडा कानाजवळ नेला, टिचकी मारली.

मग आमी ती खाल्ली.